पाटी उतरली पाहिजे

ड्रॉइंगच्या दोन परीक्षांची सर्टिफिकिटं माझ्या ट्रंकेत अजून आहेत. दोन्हींवर शिक्का आहे आणि एकावर 'उत्तम' असा शेरा. पुण्याहून लोणावळ्याला सिनेमाच्या जाहिराती रंगवायला गेलो तेव्हा ती मी बरोबर नेली होती आणि कुणी मागितली नाहीत तरी दाखवत सुटलो होतो. थेटरच्या शेठनी पाहिली आणि मान डोलावली. दारवान अब्बासभाईंनी उलटसुलट करून पाहिली आणि शिक्क्यावरून बोट फिरवलं. मग मी ती ठकूमावशीपुढे धरली. तिचे हात कोपरापर्यंत खळीनं माखलेले होते. तिनं लांबूनच डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाली, "कागूद चांगला जाड हाय. भितीला बसंल."

ठकूमावशी आमच्या थेटरची पोस्टरं चिकटवायची. थेटर म्हणजे बाजाराच्या मागे असलेली पत्र्याची लांबट शेड. बोलपट नुकते सुरू झाले होते. भर पावसाळ्यात दोन महिने शेड बंद ठेवावी लागे, कारण लोणावळ्याचा पाऊस पत्र्यावर कोसळायला लागला की पडद्यावरचा राजा काय म्हणतो आणि राणी काय म्हणते हे त्या दोघांनाच ठाऊक. मुके चित्रपट होते तेव्हा पोस्टरं लावायचं काम तिचा नवरा करी. तो गेला आणि तेराव्यानंतर तिनं त्याची शिडी, कुंचा आणि खळीचा डबा उचलला. शेठनी दया येऊन तिला कामावर ठेवलं, असं गावात बोललं जाई. तिच्या कानावर आलं की ती म्हणायची, "ठिवलं न्हाई. मी थांबलेच न्हाई."

बाई उंचीला बेताची, काटक, आणि चालायला अशी की बरोबरच्या माणसाला अर्धं धावावं लागे. गडद रंगाचं नऊवारी लुगडं गुडघ्याशी खोचलेलं. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर बांबूची पाटी, पाटीत खळीचा डबा, कुंचा आणि पोस्टरांच्या गुंडाळ्या. शिडी खांद्याला. लिहिता-वाचता काही येत नव्हतं. तरी मुंबईहून पोस्टरांचं बंडल आलं की ते तिच्याखेरीज कुणी सोडायचं नाही, असा थेटरचा रिवाजच होता. ती एकेक पोस्टर जमिनीवर पसरायची, वीस पावलं मागं जायची आणि डोळे बारीक करत परत चालत यायची. "लांबनं तांबडा डाग. दहा पावलांवर घोडा. जवळ आलं की तलवार. हे शेडवाल्यांचं," असं म्हणून एक गठ्ठा वेगळा. शेडवाले म्हणजे रेल्वेच्या इंजिनशेडमधली माणसं.

खळ ती स्वतः शिजवायची. कणीक, पाणी आणि त्यात कडुनिंबाच्या पाल्याचा रस. हा रस कशाला, असं मी विचारलं तर म्हणाली, "शेळ्यांसाटी." लोणावळ्यातल्या शेळ्यांना कणकेच्या खळीची चटक लागली होती. नव्या चित्रपटाची नायिका सकाळी भिंतीवर चढायची आणि दुपारपर्यंत गळ्यापर्यंत खाल्लेली असायची. "शेळीबी बगायाच येती, पर फुकटी," ती म्हणायची. निंबाच्या खळीला मात्र शेळ्या एकदा नाक लावून निघून जात.

मला कामाला लागून तिसरा दिवस होता. माझी पहिली पाटी तयार झाली होती. लाकडी चौकटीवर ताणलेलं कापड, त्यावर घोडेस्वार, घोड्याच्या पायांखाली धूळ, धुळीतसुद्धा छायाप्रकाश. ती पाटी मी शेडच्या कपाळावर, सगळ्यांत उंच, दोरांनी आवळून टांगली. ठकूमावशी समोरच्या रस्त्यावर आली आणि माझ्या पाटीकडे पाठ करून उभी राहिली. तासभर ती रस्त्यानं जाणाऱ्यांची तोंडं बघत होती. एकदाही मागं वळली नाही. मग माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मास्तर, पाटी उतरली पायजे."

मला राग आला. पण मी नवखा आणि ती जुनी. ती पुन्हा रस्त्याकडे वळली तसा मी दात-ओठ खात शिडी लावली, दोर सोडले आणि पाटी खाली उतरवली. तेवढ्यात शेठ आले. "अहो, आत्ता तर लावली होती! कुणी उतरवली?" मी मावशीकडे बोट दाखवलं. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीला टेकवलेल्या घोडेस्वाराकडे पाहिलं आणि भर रस्त्यात बसकण मारून हसायला लागली. हसता हसता पदर तोंडात कोंबला तरी हसू आवरेना. शेवटी डोळे पुसून तिनं स्वतःच्या डोक्यावरच्या टोपलीवर टिचकी मारली. "ती पाटी न्हवं वो मास्तर. ही! ही पाटी!"

मग तिनं मला सांगितलं ते असं. बाजाराच्या दिवशी खेड्यातून बाई येते तेव्हा तिच्या डोक्यावर पाटी असते. "चित्राम्होरं आली. चित्र बरं असलं तर चाल मंदावती. लय बरं असलं तर थांबती. पर थांबली म्हंजी बघितलं, असं न्हाई. डोईवर वझं घिऊन किती येळ थांबंल? पाटी खाली उतरली, तर चित्र बघितलं म्हनायचं." आणि थोडं थांबून, "अन् एकली बाई पाटी उतरवत न्हाई. परत चढवंल कोन? हात लावाया दुसरी लागती. म्हंजी चित्रानं एक बाई अडवून भागत न्हाई. दोन अडवाया लागत्यात."

माझ्या दोन्ही परीक्षांत मला सावली कशी पाडायची ते विचारलं होतं, सुरईचा तोल विचारला होता, कापडाच्या चुण्या विचारल्या होत्या. चित्रासमोर कोण उभं राहणार आहे आणि त्याच्या डोक्यावर काय आहे, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. ठकूमावशी तेवढाच प्रश्न विचारायची.

माणसं ती डोक्यावरून ओळखायची. तिच्या लेखी लोणावळ्यात तीनच जाती होत्या: हॅटवाले, टोपीवाले आणि पाटीवाल्या. खंडाळ्याच्या बंगल्यांतून मोटारीनं येतात ते हॅटवाले. त्यांच्यासाठी घाटाकडच्या वळणावर एकच मोठा चेहरा लावायचा, मजकूर झाकला गेला तरी चालेल. "ह्याटवाल्याला वाचाय येतं, पर येळ न्हाई. मोटार फुर्र करून जाती." टोपीवाल्यांत दुकानदार आणि शेडवाले आले. शेडवाले पाळी संपली की चहाच्या दुकानात बाकावर टेकत, म्हणून तिथलं पोस्टर बसल्या माणसाच्या डोळ्यासमोर आणि त्यावर बारीक अक्षरंही हवीत. "त्येंला येळ हाय. एक वाचतो, चार ऐकत्यात." आणि पाटीवाल्यांना वेळही नाही आणि वाचायलाही येत नाही.

"मग त्यांना काय येतं, मावशी?" मी विचारलं.

"वळखाय येतं," ती म्हणाली.

पाटीवाल्यांची पोस्टरं ती भुशीकडून आणि तुंगार्लीकडून येणाऱ्या वाटांवर लावायची, आणि इतकी खाली लावायची की शेठ चिडत. निंबाची खळ लागायची ती इथंच. मलाही ते पटत नव्हतं. इतकं खाली लावायचं म्हणजे चित्राचा अपमानच, असं मी एकदा म्हणालो. तिनं वाद घातला नाही. रस्त्याच्या मधोमध स्वतःच्या डोक्यावरची पाटी उतरवली, चुंबळ माझ्या टोपीवर ठेवली आणि खळीच्या डब्यासकट पाटी माझ्या डोक्यावर चढवली. "चला आता. अन् सांडायचं न्हाई."

मी चाललो. दोन्ही परीक्षा पास झालेला माणूस, धोतराचा सोगा हातात धरून, डोक्यावर खळ घेऊन भर रस्त्यानं चाललो. लोक उभे राहून बघत होते. "आता बगा वर," मागून हुकूम आला. मी मान वर करायला गेलो आणि डब्यातली खळ कानामागून मानेवर ओघळली. मान वर होईना, वळेना, म्हणून मी नुसते डोळे फिरवले, तर समोर दिसलं ते हात-दीड हात उंचीच्या पट्ट्यात होतं तेवढंच. आणि नेमक्या त्या पट्ट्यात तिनं सकाळी लावलेलं पोस्टर होतं. त्या दिवसापासून मी तिच्याशी उंचीबद्दल वाद घातला नाही.

बाजाराच्या दिवशी दुपारी आमच्याकडे बायकांचा वेगळा खेळ असे. तो ठकूमावशीच्या हट्टानं सुरू झालेला. सगळा माल विकला गेला की रिकाम्या पाट्या घेऊन बायका येतील, दोन तास बसतील आणि अंधाराच्या आत घरी पोचतील, असा तिचा हिशेब. पण बायका येत नव्हत्या. कधी पंधरा, कधी वीस. एका आठवड्याला सहाच आल्या, त्यातली एक ऊन लागलं म्हणून आत टेकायला आलेली. शेठ व्यापारी माणूस. त्यांनी एक दिवस आम्हा दोघांना बोलावलं आणि सांगितलं, "हा आणखी एक चित्रपट बघतो. बायका आल्या तर ठीक, नाहीतर बायकांचा खेळ बंद. आणि मावशी, मग वाटावाटांवर पोस्टरं लावायचीही गरज नाही. गावापुरती हा मास्तर लावील."

म्हणजे तिचं काम माझ्या हातात येणार होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती मात्र नुसतं "बरं" म्हणाली.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "मावशी, तुम्ही शेठना काही बोलला का नाहीत? कामाचं तरी?"

"कामाचं काय, खुरपं कुटंबी मिळंल," ती म्हणाली. मग शिडीला टेकून उभी राहिली. तिला असं टेकलेलं मी पहिल्यांदा पाहत होतो. "मास्तर, घरात बाईला दर घडीला हाक येती. न्हवरा हाक मारतो, सासू मारती, प्वार मारतं, म्हस मारती. ह्या थेटरात दोन तास कुनी हाक मारत न्हाई. साऱ्या मावळात अशी जागा मला दुसरी ठावं न्हाई. ती जाईल, त्येचं वाईट वाटतंय."

हे सांगताना तिचा आवाज नेहमीसारखाच होता. मी मात्र तिच्याकडे न बघता उगाच कुंचले झटकत बसलो.

चित्रपट एका घर सोडून गेलेल्या सुनेचा होता. मुंबईहून त्याचं पोस्टर आलं ते कागदभर नायिकेचा चेहरा, हनुवटीला टेकलेला हात. भुवया कोरलेल्या, ओठ लालभडक, डोळे थेट बघणाऱ्याच्या डोळ्यांत रोखलेले. मी म्हणालो, काय रेखाटलंय! मावशीनं ते जमिनीवर पसरलं, वीस पावलं मागं गेली, परत आली. "हे टोपीवाल्यांचं."

"पण गोष्ट तर बाईची आहे."

"गोष्ट बाईची. चित्र बाप्यांचं. ही बया बगती कशी बगा. बाप्याला वाटतं, माज्याकडंच बगती, म्हून त्यो थांबतो. बाईला बी वाटतं, माज्याकडंच बगती, म्हून ती खाली मान घालून म्होरं जाती. जी आपल्याकडं बगती, तिला आपल्याला बगता येत न्हाई, मास्तर. चार लोकांत तर न्हाईच." मग पोस्टरवरच्या बाईच्या मनगटावर बोट ठेवलं. तिथे छपाईत रंग सरकला होता आणि बांगड्या उमटल्याच नव्हत्या. "अन् हातात काकन न्हाई. बाया म्हनतील हिचा धनी गेला, मग कशाला बसायचं रडत. माजा गेलाय, म्हून मला आदी मनगाट दिसतं."

मग तिनं मला पाटी रंगवायला लावली. असं चित्र मी त्याआधी काढलं नव्हतं आणि पुण्यात कुणी काढलेलं पाहिलंही नव्हतं. एक दार. दाराच्या उंबऱ्यावर एक बाई, आपल्याकडे पाठ करून. नऊवारी लुगडं, मानेवर बांधलेला अंबाडा, एक हात चौकटीला, हातात हिरव्या बांगड्या, लांबून दिसतील अशा. दुसऱ्या हातात गाठोडं. एक पाऊल उंबऱ्याच्या पलीकडे, एक अलीकडे. बस्स.

मी मन लावून रंगवलं. दारापलीकडे अंगण दाखवलं, अंगणात तुळशीवृंदावन, कोनाड्यात पणतीसुद्धा. फार सुरेख जमलं होतं. मावशी बघायला आली आणि म्हणाली, "तुळस पुसा."

"का?"

"तुळस अंगनात आसती. तुळस दिसली की कळलं, बाई घरातनं भाईर चालली. चालता चालता कळलं, म्हंजी चालली फुडं. चित्रानं समदं सांगितलं तर बाई पाटी कशाला उतरवंल?"

वृंदावन पुसताना मला जिवावर आलं. आधी पणती गेली, मग तुळस, मग अंगण. दाराच्या दोन्ही अंगांना नुसता पिवळसर उजेड राहिला. आता ती बाई आत चाललीय की बाहेर, हे मलाही सांगता येईना. मावशी पहिल्यांदाच माझ्या चित्राकडे तोंड करून उभी राहिली आणि मान हलवली.

बाजाराच्या आदल्या दिवशी शेठ पाटी बघायला आले. पुढून बघितली, वाकून बघितली. जणू दुसऱ्या बाजूला काही असेल म्हणून मागच्या बाजूलाही डोकावले. "मास्तर, हिचं तोंड कुठाय?"

मी मावशीकडे पाहिलं. "अहो, लोक हिचं तोंड बघायला येतात! आणि तुम्ही मला पाठ दाखवताय?"

ठकूमावशी खळ ढवळत होती. हात न थांबवता म्हणाली, "तोंड आत हाय शेठ. थेटरात."

शेठनी पाटीकडे पुन्हा एकदा पाहिलं. जाताना एवढंच म्हणाले, "उद्या बघू." अब्बासभाई मात्र तोंड फिरवून खांदे हलवत हसत होते.

बाजाराच्या सकाळी आम्ही पाटी भुशीच्या वाटेवर, बाजाराच्या तोंडाशी मांडली. टांगली नाही, खाली टेकवूनच ठेवली. मग मावशी पाटीच्या बाजूच्या कट्ट्यावर पाटीकडे पाठ करून बसली आणि मलाही तसंच बसवलं. "चित्र काय बगायचं? ते काल बगितलं. तोंडं बगा."

पहिल्या काही बायका तशाच गेल्या. एकीची चाल मंदावली, डोळे पाटीवर गेले, पण ती एकटी होती. पाटी सावरून पुढे गेली. आणखी तिघी गेल्या त्या आपसांत बोलत, बघितलंसुद्धा नाही. मावशी गवताची काडी चावत होती. चावून चावून तिचा चोथा झाला होता, तरी थुंकत नव्हती.

मग भुशीकडून दोघी आल्या. एक वयस्क, एक तरणी, दोघींच्या डोक्यांवर काकड्यांनी भरलेल्या पाट्या. तरणी थबकली.

"आत्याबाई, ही बया कुटं निगाली वो?"

"निगाली कुटं? घरात चालली."

"गाठुडं घिऊन घरात?"

"म्हायेराहून आली आसंल."

"म्हायेराहून आलेली अशी थांबती व्हय दारात? ही चालली भाईर. चौकट धरली न्हाई का तिनं."

"अगं, आत जातानाबी चौकट धरत्यात. तुला काय ठावं? मी धरलीती." म्हातारीची नजर चित्रातल्या चौकटीवरच्या हातावर गेली. मग म्हणाली, "पाटी उतरव गं माजी जरा. नीट बगू दे."

तरणीनं हात लावला. म्हातारीची पाटी जमिनीवर आली. मग म्हातारीनं तरणीची उतरवली. मी कट्ट्यावरून उठायला लागलो तशी मावशीनं माझा सदरा धरून खाली ओढलं. तिनं आता काडी थुंकली होती.

मागून येणाऱ्या बायकांना वाटेत दोन पाट्या आडव्या आल्या, म्हणून त्या थांबल्या. थांबल्या म्हणून त्यांनी बघितलं. तासाभरात त्या वाटेला काकड्या, भोपळे, अंडी, कोंबड्या यांची रांग लागली आणि 'आत' आणि 'भाईर' असे दोन तट पडले. एक बाई दुसरीला म्हणाली, "तू तुज्यावरनं सांगतीस व्हय?" आणि दोघी हसल्या, पण फार हसल्या नाहीत. मावशीनं जिचं नाव 'वळखाय येतं' असं ठेवलं होतं, ती गोष्ट मी माझ्या डोळ्यांनी पाहत होतो.

दुपारी बायका आल्या. किती आल्या ते मी मोजलं नाही, पण अब्बासभाई धावत आले आणि म्हणाले, "मास्तर, बाया मावल्या, पाट्या मावत न्हाईत!" दाराशी रिकाम्या पाट्यांचा ढीग शेडच्या पत्र्याला लागला होता. खेळ सुटल्यावर कुणाची कुठली हे शोधताना जो गोंधळ झाला तो बोलपटापेक्षा मोठ्यानं झाला. आणि त्या गोंधळातही वाद चालूच होता, कारण चित्रपटात ती सून घरातून जाते आणि शेवटी परतही येते. दोन्ही तट आपणच जिंकलो म्हणून घरी गेले. बायकांचा खेळ बंद करायची गोष्ट शेठनी पुन्हा काढली नाही. ती पाटी मात्र त्यांनी आपल्या बसायच्या खोलीत लावून घेतली आणि येईल त्याला विचारायला लागले, "सांगा बघू, आत चाललीय की बाहेर?"

मला त्या दिवशी जो अभिमान वाटला तो सर्टिफिकिटांचा कधी वाटला नव्हता. संध्याकाळी मी मावशीला म्हणालो, "आज उतरल्या की नाही पाट्या? आता तरी मला मास्तर म्हणू नका. मास्तर शाळेत असतो. पेंटर म्हणा."

ती डबा घासत होती. "बायांच्या उतरल्या. माजी कुटं उतरली? इतकी वर्सं चित्रं डोईवर घिऊन फिरते, एकासाटीबी माजी पाटी खाली आली न्हाई. ज्या दिशी माजी उतरंल, त्या दिशी पेंटर. तवर मास्तर."

पुढची काही वर्षं माझ्या आयुष्यातली फार चांगली वर्षं होती. मी रंगवायचो, ती म्हणायची 'पुसा'. माझा हात दरवेळी काहीतरी जास्त काढायचा आणि ती ते दरवेळी काढून टाकायची. बाहेरगावचे थेटरवाले आमच्या पाट्या बघायला यायचे आणि माझी पाठ थोपटायचे. मी त्यांना ठकूमावशीकडे पाठवायचो. ती त्यांना वीस पावलं मागं चालायला लावायची.

मग लढाई सुरू झाली आणि कागद मिळेनासा झाला. मुंबईची बंडलं बारीक होत गेली. पोस्टरं आधी अर्धी झाली, मग पत्रावळीएवढी, मग यायचीच बंद झाली. खळ शिजवायचं कारण उरलं नाही. शेठनी तिला बायकांच्या खेळाला दारावर उभं राहायला सांगितलं, आणि जन्मभर कुठलाही खेळ फुकट बघायची मुभा दिली. मुभा तिनं घेतली. दारावर राहायला नाही म्हणाली. "दारात उभं ऱ्हायचं म्हंजी आत काय चाललंय ते ऐकत भाईर बगायचं. ते मला जमायचं न्हाई." तुंगार्लीच्या वर तिच्या भावाची जमीन होती. ती तिथे राहायला गेली. जाताना शिडी मला देऊन गेली. पाटी घेऊन गेली.

त्यानंतर दोन-तीन वर्षं ती मला दिसली नाही. खेळाला यायची म्हणे, पण मी रंगात असायचो. दिसली ती बाजाराच्या एका सकाळी.

मी नवी पाटी तुंगार्लीच्या वाटेवर मांडली होती आणि तिच्याच सवयीनं पाटीकडे पाठ करून बाजूला बसलो होतो. चित्रात एक मोकळी वाट होती. वाटेत भरलेली पाटी जमिनीवर, शेजारी एक बाई उभी, डोक्यावर चुंबळ तयार, आणि ती वाटेच्या टोकाकडे बघतेय. टोकाला कुणी नाही. हे चित्र मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि या वेळी मी काही पुसलंही नव्हतं, कारण जास्तीचं काही काढलंच नव्हतं.

वरून ठकूमावशी आली. केस सगळे पांढरे झाले होते, चाल मात्र तीच. डोक्यावर वांग्यांची पाटी. तिनं मला पाहिलं नाही. मी बाजूला सावलीत होतो आणि डोक्यावर ओझं असलेली बाई बाजूला बघत नाही. ती चित्रासमोर आली. चाल मंदावली. चार पावलं पुढे गेली. थांबली. तिच्या मागून एक अनोळखी पोर, लग्न झालेली, हातात कोंबडी धरून येत होती. मावशीनं तिला हाक मारली, "ए बाये, हात लाव गं जरा."

पाटी खाली उतरली.

ती बराच वेळ बघत उभी होती. वीस पावलं मागं गेली नाही, डोळे बारीक केले नाहीत. नुसती बघत होती, बाजाराला आलेली कुठलीही बाई बघेल तशी. ती पोर कंटाळून कोंबडी घेऊन निघून गेली. मग मावशीनं चुंबळ डोक्यावर बसवली आणि हात लावायला कुणी आहे का म्हणून वाटेकडे पाहिलं. वाटेवर कुणी नव्हतं. ती चित्रातल्या बाईसारखीच उभी होती, आणि तेही तिच्या लक्षात आलं असावं, कारण ती एकटीच हसली.

मी उठून पुढे गेलो. माझ्याकडे पाहून ती जराही दचकली नाही.

"लावा हात, पेंटर," ती म्हणाली.

मी पाटीची एक कड धरली, तिनं दुसरी धरली. पाटी चांगलीच जड होती. ती डोक्यावर चढली, तिनं एकदा मान सावरली आणि बाजाराच्या दिशेनं झपाझप निघाली. मी वाटेत उभा राहून बघत राहिलो. ती मागं वळून बघणार नाही हे मला ठाऊक होतं. डोक्यावर पाटी असली की मान वळत नाही.